४ फुटी फिशटँकखाली ७५ बाय ३५ सेंमीचा संप (फिल्टर आणि पंपाची खालची टाकी) बसवतोय, प्लंबर म्हणतो एक ड्रेन पाइप आणि एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) पुरे. बरोबर आहे का?

नाही पुरत. प्लंबरचं म्हणणं घरच्या पाण्याच्या टाकीला ठीक आहे, फिशटँकला मात्र दोन प्रश्न आधी विचारायचे, लाईट गेली तर काय आणि ड्रेन तुंबला तर काय. बाकी प्लंबिंग त्यातूनच ठरतं.

आधी लाईट, कारण आपल्या नाशकात पावसाळा तोंडावर आला की ती किती वेळा जाते हे सांगायला नको. पंप बंद झाला की रिटर्नचा पाइप (संपमधून पाणी वर टँकमध्ये नेणारा) उलटा सायफन होतो आणि नोझलला हवा मिळेपर्यंत वरचं पाणी खाली खेचत राहतो. तुमचा टँक १२० बाय ४५ सेंमी, म्हणजे पाणी १ सेंमी उतरलं की ५.४ लिटर. नोझल ५ सेंमी बुडलेलं असेल तर २७ लिटर खाली येणार आणि तुम्ही लिहिलेल्या ७५ बाय ३५ च्या संपमध्ये पातळी साधारण १० सेंमी चढणार, वर ओव्हरफ्लो बॉक्समधलं (टँकमधला कप्पा, ज्यात काठावरून पाणी पडून ड्रेनला जातं) आणि पाइपातलं पाणी वेगळंच. तेवढी जागा संपमध्ये कायम रिकामी पाहिजे. एनआरव्ही लावायचा तर लावा पण त्याच्या जिवावर राहू नका, फ्लॅपमध्ये एक बारकी गोगलगाय अडकली की तो हळूहळू सोडतोच. त्यापेक्षा नोझलच पाण्याखाली सेंमीभर ठेवा, काम सोपं होतं.

आता ड्रेन. एकच पाइप असला तर तो हवा आणि पाणी मिळून ओढतो, रात्रभर गुळगुळ आवाज, आणि तुंबला की सरळ हॉलमध्ये पाणी. म्हणून दोन भोकं पाडून घ्या, दोन्ही १ इंची. याला हर्बी म्हणतात. पहिला पाइप पूर्ण सायफनवर, म्हणजे हवा न राहता पाण्याने पूर्ण भरून वाहणारा, त्याला खाली व्हॉल्व्ह, तो थोडा थोडा आवळत पातळी अशी सेट करायची की पाइपात हवा शिरत नाही, मग आवाजच येत नाही. दुसरा इमर्जन्सी, त्याचं तोंड थोडं वर, एरवी कोरडा, त्याला व्हॉल्व्ह अजिबात नाही. सायफनचं खालचं टोक संपच्या पाण्यात इंचभरच बुडवा, जास्त बुडवलं तर चालू होताना आतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरतच नाही. इमर्जन्सीचं टोक उलट पाण्याच्या वर ठेवा, म्हणजे त्यातून पाणी पडायला लागलं की आवाजानेच कळतं. तिसरा पाइप टाकून बीनअॅनिमलही करतात, ते जास्त सेफ, पण २५० लिटरला मला तरी हर्बी बास वाटतं.

पितळी व्हॉल्व्ह नको, पितळात तांबं असतं आणि झिंग्यांना ते चालत नाही. प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह मिळाला तर बेस्ट, नाहीतर यूपीव्हीसीचा (कडक पीव्हीसी प्लास्टिक) बॉल व्हॉल्व्ह.

सामान घेताना एक गंमत होते. आपल्याकडे द्राक्षबागांमुळे ड्रिप आणि शेतीच्या पाइपांची दुकानं भरपूर, तिथे ३२ एमएमचा पाइप स्वस्तात मिळतो आणि दिसायला १ इंचीसारखाच. पण प्लंबिंगचा १ इंची यूपीव्हीसी बाहेरून ३३.४ एमएम असतो, एकाचा पाइप आणि दुसऱ्याची फिटिंग घेतली तर सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) कितीही फासा, जॉइंट धरणार नाही. सगळं एकाच प्रकारचं घ्या. ९० च्या एल्बोपेक्षा दोन ४५ चे टाका आणि पंपाजवळ युनियन (हाताने उघडता येणारा जोड) ठेवा, नाहीतर पंप धुवायचा म्हटलं की पाइप कापत बसाल.

पंपाच्या बॉक्सवरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पंपापासून टँकपर्यंतची उंची १.४ मीटर धरली आणि पंपाचा मॅक्स हेड (जास्तीत जास्त किती उंच पाणी चढवतो ते) २.८ मीटर असला तर हातात अंदाजे निम्मंच येतं. तासाला टँकच्या पाचपट, म्हणजे १२५० लिटर हवं असेल तर २५०० चा पंप बघा. आणि संपमधला पंपाचा कप्पा लहान ठेवा, ड्रेन बंद पडले तर पंप तेवढंच पाणी वर टाकू शकतो. त्यात १४ लिटर असलं तर दोन्ही ड्रेन बंद पडले तरी वरचं पाणी फार तर २.६ सेंमी चढेल, काठ ४ सेंमी मोकळा ठेवला की बाहेर येणार नाही.

सोल्युशन लावायच्या आधी सगळं नुसतं जोडून माप बघा. भोकं पाडायला देण्याआधी काच टफन्ड (तापवून कडक केलेली) आहे का ते मात्र टँक बनवणाऱ्याला विचाराच, टफन्डला ड्रिल लागला की अख्खी काच चुरा होते. भोक मागच्या काचेला पाडताय की तळाला ते इथेच लिहा, मग ओव्हरफ्लो बॉक्सचं माप सांगतो.