चौदा पानं आणि दोन बर्नरची शेगडी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन झाला आणि नंतर मी बराच वेळ तुझ्या यादीचाच विचार करत होते. श्रीखंड, बासुंदी, पुरी, मसालेभात, दोन भाज्या, अळूवडी, कोथिंबीरवडी, कोशिंबीर, भजी. वाकडच्या भाड्याच्या घरातला तुझा पहिला गुढीपाडवा, गावाहून आई-बाबा आणि आजी येणार, ऑफिसातली मंडळी, शेजारचे दोघं, म्हणजे तुला धरून चौदा पानं. इतक्या हौसेने बोलत होतास की फोनवर काही बोलवेना, म्हणून लिहितेय.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. १९८९ चा पाडवा, नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच माझे वडील वाईहून सणाला आले होते. जेवायला सतरा माणसं होती. मी सकाळी पाचपासून ओट्याशी उभी, आणि पुऱ्या गरमच वाढायच्या असा माझाच हट्ट. पंगती उठत गेल्या, मी तळत राहिले. अडीच वाजता कढई उतरवून बाहेर आले, तर वडील पिशवी हातात घेऊन उभे होते. स्वारगेटहून सव्वातीनची एसटी होती. "सगळं उत्तम झालं हो," म्हणाले आणि निघाले. त्या दिवशी त्यांच्याबरोबर बसून मी एक घास खाल्ला नाही. पुढच्या पाडव्याला ते नव्हते.

म्हणून तुझी यादी मी उलट्या बाजूने तपासली. पदार्थ किती, हे बाजूला ठेव. एक वाजता पानं मांडली की तूही त्याच पंगतीत, बाबांच्या शेजारी बसायचं, एवढं आधी ठरव. त्याच्या आड येईल ते खोड.

बासुंदी खोड. दूध आटवत तासभर ढवळायला माणूस लागतं, आणि श्रीखंड असताना दुसऱ्या गोडाला कोणी हात लावत नाही. दोन्ही वड्या आणि भजी खोड, कारण तिन्ही आयत्या वेळी तळायच्या आणि पुऱ्यांना कढई तीच. आयत्या वेळचं काम एकच ठेवायचं, ते पुऱ्यांचं. दुसरी भाजीही नको. राहिलं काय? श्रीखंड-पुरी, बटाट्याची सुकी भाजी, कैरीची डाळ, मसालेभात, मठ्ठा, पापड-कुरडया. नैवेद्यापुरता वरण-भात छोट्या कुकरात लाव, तो आजीलाही मऊ पडेल. हे भरलेलं ताट आहे. कोणी कमी म्हणणार नाही.

आता श्रीखंडाचं नीट सांगते, कारण निम्मी काळजी तिथेच आहे. दुकानातल्या डब्यांपेक्षा घरचं खूप स्वस्त पडतं आणि चव तर तुला माहीत आहे. चार वर्षं माझा डबा खाल्लास. तीन लिटर म्हशीचं दूध घे. दोन दिवस आधी रात्री अकराच्या सुमाराला कोमट दुधाला विरजण लाव. चैत्रातल्या उकाड्यात सहा-सात तासांत दही लागतं. सकाळी उठल्या उठल्या ते फ्रिजमध्ये टाक, नऊपर्यंत बाहेर राहिलं तर आंबट होईल आणि मग कितीही साखर घाल, ती चव जात नाही. तासाभराने स्वच्छ पंच्यात बांध. पूर्वी आम्ही खुंटीला टांगायचो, पण आता इतकं ऊन असतं की तू चाळणीत पुरचुंडी ठेव, खाली पातेलं, वर वरवंटा नाहीतर पाण्याने भरलेला डबा, आणि सगळं फ्रिजमध्येच. संध्याकाळी सव्वा किलोच्या आसपास चक्का निघेल. त्यात साधारण ९०० ग्रॅम साखर. जुन्या पद्धतीत चक्क्याइतकीच साखर घालतात, पण बाबांची साखर वाढलीय म्हणालास, तेव्हा त्यांच्यासाठी दोन वाट्या चक्का आधीच बाजूला काढ आणि त्यात अगदी थोडीच घाल. साखर मिसळून तासभर तसंच ठेवलं की ती विरघळते, मग पुरणयंत्रातून काढ. वेलची आणि किसलेलं जायफळ पुरे. केशर आणि चारोळीपायी श्रीखंडाचा खर्च वाढतो आणि जिभेला फारसं कळत नाही.

आम्रखंडाचं तू विचारलंस. पाडव्याला देवगड-रत्नागिरीच्या पहिल्या पेट्या आलेल्या असतात आणि त्यांचे भाव ऐकूनच माणूस मागे फिरतो. अक्षय्य तृतीयेनंतर भाव उतरतो, तेव्हा कर. पाडव्याचं खरं फळ कैरी. ती आत्ता ताजी आहे, स्वस्त आहे आणि तिच्याशिवाय चैत्राचं पान मला अपुरं वाटतं. मटार मात्र घेऊ नकोस, त्याचा हंगाम संपला. मसालेभातात तोंडली घाल.

पंच्यातून गळलेलं पाणी ओतून देऊ नकोस. त्यातच पुऱ्यांची कणीक मळ. सव्वा किलो कणकेच्या सत्तर-पंचाहत्तर पुऱ्या होतात, माणशी पाच. पीठ घट्ट हवं, त्यात दोन चमचे रवा आणि चिमूटभर साखर, म्हणजे पुऱ्या तळून अर्धा तास झाला तरी लोळागोळा होत नाहीत. हे मला त्या वर्षी ठाऊक असतं तर! सव्वाबाराला सुरुवात करा, एकाने लाटायच्या, एकाने तळायच्या, पाऊण तासात सगळ्या होतात. ऑफिसातला तो मित्र, ज्याला स्वयंपाक येतो म्हणालास, त्याला बाराला बोलव. इतरांना साडेबारा सांग. कोणी जोडीला मिळालंच नाही, तर आदल्या दिवशी पोळी-भाजी केंद्रात घडीच्या पोळ्या सांगून ठेव. श्रीखंड पोळीबरोबरही छान लागतं. पण सांगून ठेवायचंच, सणाच्या सकाळी त्यांच्याकडेही गर्दी असते.

बाकीचं सोपं आहे. दोन किलो बटाटे आदल्या रात्री उकडून ठेव, सकाळी सोलून फोडणीला टाकायला पंधरा मिनिटं. हरभऱ्याची डाळ पाव किलो, रात्री भिजत घाल आणि सकाळीच भरड वाट. वाटलेली रात्रभर बाहेर राहिली तर या दिवसांत आंबते. कैरी किसून, मिरची, मीठ, साखर, थोडं ओलं खोबरं, वरून हिंग-हळदीची गार झालेली फोडणी. मसालेभाताला पाऊण किलो तांदूळ. तुझ्या पाच लिटरच्या कुकरात त्याहून जास्त कोंबू नकोस, वाफेला जागा लागते. साडेअकराला लाव, झाकण न उघडता एकपर्यंत गरम राहतो. मठ्ठ्याला लिटरभर दही आणि त्याच्या दुप्पट-अडीचपट पाणी, आलं, मिरची, कोथिंबीर, जिरं. तोही सकाळी करून फ्रिजमध्ये.

सकाळी आठपर्यंत गुढी उभारून मोकळा हो. काठी, खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, तांब्या, सगळं आदल्या संध्याकाळी एका जागी काढून ठेव. झेंडूही एक दिवस आधीच घे, ओल्या फडक्यात राहतो. कडुलिंबाची पानं गूळ, ओवा आणि चिंचेबरोबर आईला वाटायला दे. तिला हातात काहीतरी काम हवंच असतं, तुझ्या आईला मी ओळखते.

लोक विचारतात, "येताना काय आणू?" आणि आपण सवयीने "काही नको" म्हणतो. मग चौघं चार मिठाईचे बॉक्स घेऊन येतात. तू नाव घेऊन सांग. शेजाऱ्यांना पापड-कुरडया तळून आणायला सांग, त्यांच्याकडे कढई वेगळी आहे. ऑफिसातल्या एकीला कलिंगड, एकाला बर्फ. माणसाला जेवणात आपलंही काही आहे असं वाटतं, आणि तुझा भारही हलका होतो.

खर्च मी कागदावर मांडून पाहिला. दूध, तेल, तांदूळ, भाजी, काजू सगळं धरून माझ्या अंदाजाने स्वयंपाक दीड हजारात बसतो. तू ठरवलेल्या अडीच हजारांतले उरतील त्यातून गुढीचं साहित्य आण आणि पानांच्या पत्रावळी घे. भांडी घासणाऱ्या मावशी पाडव्याला येणार नाहीत, त्यांच्याही घरी सण आहे. त्यांना सुट्टी दे, श्रीखंडाचा डबा आदल्या दिवशीच त्यांच्या हातात ठेव, आणि चौदा ताटं घासण्याची वेळच येऊ देऊ नकोस.

आता वाढण्याचं. घर लहान, सतरंज्या दोन. लोक दोन पंगती करायला सांगतील. करू नकोस. समोरासमोर सात-सात बसवा, दर चौघांत एक भाजीचं पातेलं, एक भाताचं, एक श्रीखंडाचं भांडं, पुऱ्यांची टोपली. आजीच्या पानात मात्र तू स्वतः वाढ, मीठ-लिंबू डावीकडे, डाळ त्याच्या खाली, भाजी उजवीकडे, ती बघत असते. बाकीचे आपापलं घेतील. आग्रह करून पानात टाकलेली तिसरी वाटी शेवटी कचऱ्यात जाते हे मी बावीस वर्षं डबे करताना रोज पाहिलंय. परत आलेल्या डब्यांत काय उरलंय ते मला पाठ असायचं. आईला पटणार नाही, म्हणेल पाहुण्यांनी हाताने घ्यायचं का? तिचा हात धर आणि तिलाही खाली बसव. तिनेही आयुष्यभर शेवटीच जेवलंय.

पुरणयंत्र आणि मोठी कढई घासून बाहेर काढून ठेवली आहे. पंचाही देते, पांढरा, धुतलेला. मंगळवारी संध्याकाळी सहानंतर घरीच आहे, ये आणि घेऊन जा.

तुझी
काकू