चलान भरण्याआधी तो बोर्ड बघून ये

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मुंबई-गोवा हायवेवर हातखंब्याला कॅमेऱ्याने तुझा वेग टिपला, त्या चलानावर काल फोनवर अर्धा तास बोललास. मित्र म्हणतात भरून टाक, काका म्हणतात कोर्टात खेच, आणि तू दोघांनाही हो म्हणतोयस. वेग बासष्ट होता, हे तू मान्य करतोस. चाळीसच्या वेगमर्यादेचा बोर्ड नव्हताच म्हणतोस, आणि लगेच म्हणतोस की असेलही, रानात लपला असेल. बाळा, असं अधांतरी बोलून कोर्टात उभं राहता येत नाही.

हातखंब्याला जा आणि बघून ये. बोर्ड स्वच्छ दिसत असेल तर त्याच दिवशी पैसे भर, मला विचारूही नको. दिसत नसेल तर एक रुपया भरायचा नाही. खोटी कबुली द्यायची नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि हे लगेच कर. गणपती जवळ आले की हायवेच्या कडेचं रान कापतात, खड्डे बुजवतात, बोर्ड पुसतात. मग तुझा पुरावा कुठे राहिला? ड्रायव्हरला दिसेल तिथून फोटो काढ, लांबून आणि जवळून, मैलाचा दगड दिसेल असा. व्हिडिओही घे. रुंदीकरणाच्या वळणरस्त्यावर बोर्ड इकडचे तिकडे होतात, हे तुला मी सांगायला नको.

कायदा तुझ्या बाजूचाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे एखाद्या ठिकाणी वेग कमी करायचा तर तिथे तशी खूण लावावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेला नियम १६७अ सांगतो की कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा, यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायला हवं. ते प्रमाणपत्र माग. आधी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर फोटोंसह तक्रार टाक. लोकअदालतीची नोटीस आली तर भुलू नको. तिथे तडजोड होते, बोर्ड होता की नव्हता याचा निवाडा होत नाही, आणि एकदा तडजोड झाली की अपील नाही.

दोन हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं तुझे मित्र म्हणतात. मलाही म्हणायचे. माझा टेम्पो गिअरबॉक्स उतरवून गॅरेजमध्ये उभा होता, त्या दिवशीचं चलान मला आलं होतं. फोटोतल्या नंबरचा एक आकडा वेगळा होता. मी लढलो. तारखा नेमक्या हापूसच्या हंगामात पडत गेल्या, वाशीची भाडी गेली, दंडापेक्षा कितीतरी जास्त पैसे गेले. एका तारखेला आई दवाखान्यात होती आणि मी कोर्टाच्या बाकावर. ते अजून सलतं. पण भरून मोकळा झालो असतो तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटत नाही. मी जे केलं नव्हतं ते मी केलं म्हणून कशाला लिहून द्यायचं? धाकटा भाऊ अजून त्यावरून वाद घालतो. घालू दे. न्यायाधीशांनी फोटोतला नंबर मोठ्याने वाचला आणि प्रकरण तिथेच संपलं.

तुझं तसं होईलच असं नाही. तू बासष्टवर होतास, ते लपवू नको. विचारलं तर बासष्टच सांग. वकिलाने 'आठवत नाही' म्हणायला सांगितलं तर वकील बदल. खोटी कबुली नको म्हणतो तेव्हा खोटा नकारही नको, हे तुला कळतंय ना?

आणखी एक. गाडी काकांच्या नावावर आहे, म्हणजे समन्स त्यांच्या दारात येईल आणि चालवत कोण होतं ते त्यांनाच सांगावं लागेल. त्यांना अजून वाटतंय की गाडी ड्रायव्हर चालवत होता. आज रात्री जेवताना त्यांना खरं सांग, मग उद्या सकाळच्या एसटीने हातखंब्याला नीघ.

तुझा,
मामा