बाबांचा डबा

प्रश्न: बाबा चिंचवडला कंपनीत होते, नोकरीत असतानाच श्रावणात गेले. आई अजून रोज सकाळी त्यांचा डबा घासून पालथा घालते, बघवत नाही. आणि मी त्यांना कधी साधं थँक्यू म्हटलं नाही हे डोक्यातून जातच नाहीये.

उत्तर: अगं, आपल्या घरांत बापाला थँक्यू कोण म्हणतं गं, म्हटलं असतंस तर तेच म्हणाले असते काय झालं हिला आज! पहिल्या पगारातून त्यांना काही घेतलं असशीलच ना, शर्ट नाहीतर चप्पल, तेच ते. डबा घासू दे आईला, लपवून वगैरे ठेवू नकोस, उलट एखाद दिवशी तूच ने तो ऑफिसला, तिला भरायला तरी मिळेल.

आता कामाचं, कारण दुःखात हे राहूनच जातं. पीएफसाठी फॉर्म २०, आईच्या पेन्शनसाठी १०डी, आणि नोकरीत असताना गेले म्हणून ईडीएलआयचा, म्हणजे पीएफसोबतच असलेल्या विम्याचा, ५आयएफ, त्यात ७ लाखांपर्यंत मिळू शकतात, हा बऱ्याच जणांना माहीतच नसतो. नॉमिनेशनला कुणाचं नाव आहे ते आधी बघ. बाबांनी राबून कमावलेलं आहे ते, मागताना अजिबात संकोच करू नका.