एक बाजू वर दिसते, आणि घरात पाण्याचा दिवस

माझ्यापेक्षा लहान दिसतेस म्हणून अगं-तुगं करते. पुण्यात स्तनांचं इम्प्लांट बसवून सहा दिवस झाले, सोलापूरला घरी आलीस, उजवी बाजू डावीपेक्षा वर दिसते, झोप नाही, सोमवारी बँकेत हजर व्हायचंय आणि नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही, असं लिहिलंयस. माझंही तुझ्यासारखंच, स्नायूखाली बसवलेलं. चार वर्षं झाली.

वर दिसतं त्याचं आधी. छातीचा स्नायू सुरुवातीला आखडलेला असतो, तो इम्प्लांटला वर धरून ठेवतो. सैल पडेल तसं ते खाली बसतं, पण दोन्हीकडे एकाच वेळी नाही. माझी डावी दीड महिन्यात बसली, उजवीने चार महिने घेतले. रोज फोटो काढून तुलना करू नकोस. मी केली, नुसता डोक्याला ताप. मात्र एक बाजू एकाएकी फुगून टणक झाली, दुखणं झपकन वाढलं, ताप आला, कातडी लाल-गरम झाली किंवा टाक्यांतून पू आला, तर सकाळ होऊ द्यायची नाही, सर्जनला रात्रीच फोन कर. एका पोटरीला सूज येऊन दुखायला लागलं किंवा दम लागला, तर फोनातही वेळ घालवू नकोस, सरळ कॅज्युअल्टी गाठ.

आता पाणी. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, तो आला की घरात कुणी आजारी नसतं. नवव्या दिवशी मला बरं वाटत होतं, म्हणून मी भरलेली घागर उचलली. रात्री डावीकडे अशी कळ निघाली की दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करावी लागली. आत काही फाटलं नव्हतं, पण डॉक्टरांची बोलणी खाल्ली ती खाल्लीच. सर्जन मोकळं करेपर्यंत दोन-तीन किलोंच्या वर काही उचलू नकोस. आणि आपल्याला सुचत नाही ते हे, की भाकरी थापणं, कणीक मळणं, फळीवरचा डबा काढणं, हे सगळं त्याच स्नायूचं काम. महिनाभर बाजारची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खा, कुणी उपाशी राहत नाही. स्कूटीही नको, खड्ड्यात हँडल सावरताना कळेल का ते.

म्हणूनच सांगते, घरातल्या एका तरी बाईला खरं सांग. मी सासूबाईंना ‘गाठ काढली’ असं सांगितलं होतं. आठवड्यात अक्कलकोटपासून नातेवाईक रडत भेटायला आले, आणि त्यांच्या चहाला उठायचं कुणी, तर मीच! शेवटी खरं सांगितलं. दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी घागरी त्यांनी भरल्या.

झोपेला पाठीमागे तीन उशा लावून अर्धवट बसल्यासारखी उताणी झोप. दोन्ही कुशींना सोलापुरी चादरीच्या गुंडाळ्या लाव, म्हणजे झोपेत वळणार नाहीस. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथलं की छातीत ओढ बसते. डॉक्टरांना विचारून इसबगोल घे. सपोर्ट ब्रा समोर हुक असलेली, बिनतारेची, आणि तीन तरी ठेव, या उन्हात एक भागत नाही. घरात कुणाची मिश्री असेल तर तू चुकूनही लावू नकोस. तंबाखूने जखमेकडे जाणारं रक्त कमी होतं, टाके भरत नाहीत. कुणी लावत असेल तर नाक मुरडू नकोस, तुझं तू सांभाळ.

बँकेत नुसतं टेबलावरचं काम असेल तर दोन आठवड्यांनी बहुतेकींना जमतं. तुझं कॅशचं असेल तर सोमवार विसर, रजा वाढव. स्तनाग्रं बधिर वाटत असतील तर त्याला महिने लागतात, काहींना थोडी बधिरता राहतेही.

इम्प्लांटचं कार्ड दिलं असेल ते जपून ठेव. ही वस्तू जन्मभराची नाही. सिलिकॉनचं असेल तर पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून बघायचं असतं, आणि पुढे मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे करताना, इम्प्लांट आहे हे तिथल्या बाईंना आधीच सांगायचं असतं. माझं कार्ड शालूच्या घडीत आहे, आणि ते कुठे आहे हे आता सासूबाईंनाही माहीत आहे.