नारळ ‘फोडला’ की ‘वाढवला’?

परवा एका ताईंनी विचारलं होतं. लग्न होऊन त्या सोलापूरला आल्या, घरात वास्तुशांत होती, पूजा उरकत आली तशा त्या म्हणाल्या ‘आता नारळ फोडू का?’ तर सासूबाईंनी हळूच सांगितलं, ‘फोडू नाही म्हणायचं गं, वाढवू म्हणायचं.’ त्यांचं म्हणणं असं की दगडावर आपटून दोन भकलं केली तर नारळ वाढला कसा, हे अंधश्रद्धेतून आलंय का, आणि असं फक्त मराठीतच आहे का.

ताई, सासूबाई बरोबर आहेत, पण तुम्हीही चुकला नाहीत. चटणीला, आमटीला नारळ लागला की आपण सगळेच ‘नारळ फोड’ म्हणतो, तिथं कोणी टोकत नाही. तोच नारळ देवापुढं, नव्या गाडीपुढं, उंबऱ्यावर आला की ‘वाढवायचा’. नारळ एकच, क्रिया तीच, जागा बदलली की क्रियापद बदललं.

आता मूळ कारण. माझ्या मते ते नारळात नाही, बांगडीत आहे. लहानपणी हौदावर पाणी भरताना माझी काचेची बांगडी फुटली आणि मी ‘आज्जी बांगडी फुटली’ म्हणून ओरडले, तर आज्जी आतून धावत आली आणि आधी हात बघायचा सोडून म्हणाली ‘फुटली म्हणू नको बाई, वाढली म्हण’. तेव्हा काही कळलं नाही. नंतर कळलं की ‘बांगड्या फुटल्या’ हे शब्द बायकांच्या कानाला फक्त एकाच प्रसंगाचे होते, नवरा गेल्यावर हातातल्या बांगड्या फोडायचे ते. रोजच्या कामात काच तर पिचणारच, मग त्या साध्या घटनेला तो शब्द लागू नये म्हणून बायकांनीच दुसरा शब्द वापरात ठेवला. म्हणून बांगडी वाढते, मंगळसूत्र तुटलं तरी ते वाढलं म्हणतात. आणि बांगड्या आपण ‘घालत’ नाही तर ‘भरतो’, कासारणीकडं बांगड्या भरायला जातो, हेही त्याच ओळीतलं वाटतं मला, हात रिकामा असल्याचा उल्लेखच नको.

दिव्याचंही तेच. देवापुढचा दिवा ‘विझला’ म्हणायचं नाही, शांत झाला, निमाला म्हणायचं. निघताना ‘जातो’ नाही तर ‘येतो’, हे तर आजही कॉलेजची पोरं दारातनं बाईकला किक मारता मारता म्हणतात. गणपतीच्या उत्तरपूजेत ‘पुनरागमनाय च’ म्हणतात तेही देवाला ‘जा’ म्हणून मोकळं न होता परत यायचं बोलून ठेवणंच आहे. रात्री सापाचं नाव न घेता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात, आणि माणूस गेला तर ‘मेला’ न म्हणता वारला, देवाघरी गेला, आपल्या इथल्या लिंगायत घरांत लिंगैक्य झाले म्हणतात. संस्कृत काव्यशास्त्रात तर अश्लील दोषाचे तीन प्रकार मानलेत, लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. म्हणजे अमंगल सुचवणारा शब्दही अश्लीलच धरलाय. त्यामुळं आज्जीला अडाणी म्हणायच्या आधी मी दहा वेळा विचार करते.

आता एक दुसरी व्युत्पत्तीही सांगितली जाते, ती मला फार आवडते. आपलं नेहमीचं वाढणं संस्कृत वृध् धातूवरून, वृद्धी वगैरे. पण संस्कृतमध्ये वर्ध् असा वेगळा धातूही आहे आणि धातुपाठात त्याचा अर्थ ‘छेदनपूरणयोः’ असा दिलाय, म्हणजे कापणं आणि भरणं दोन्ही! बाळाची नाळ कापण्याला जुना शब्द नाभिवर्धन, सुताराला वर्धकि, हिंदीतला बढई त्यातूनच. मग कोणी म्हणतं की नारळ वाढवणं म्हणजे मुळातच छेदणं, शुभ-अशुभाचा काही संबंध नाही. गुजरातीतही ‘श्रीफळ वधेरवुं’ म्हणतात, त्यामुळं हा मुद्दा अजून पटायला लागतो. पण मी पूर्ण त्या बाजूला जात नाही, कारण या धातूनं नारळ आणि बांगडी सुटते, दिवा सुटत नाही. हिंदीत ‘दिया बढ़ाना’ म्हणजे दिवा मालवणं आणि ‘दुकान बढ़ाना’ म्हणजे दिवसाचं दुकान बंद करणं, आता दिवा आणि दुकान कापणार कसं? तिथं उलट अर्थाचा मंगल शब्दच आहे. दोन धातूंचे उच्चार जवळ आल्यावर कापण्याचा जुना अर्थ लोक विसरले असतील आणि वाढण्याच्या शुभ अर्थानं त्याची जागा घेतली असेल, असं मला वाटतं.

फक्त मराठीतच का, याचं उत्तर सोलापुरात राहून शोधायला लांब जायला नको. आमच्या शेजारी तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब, त्यांच्याकडं देवापुढचा दिवा गेला की ‘दीपं कोंडेक्किंदि’ म्हणतात, म्हणजे दिवा डोंगर चढला! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शेजारच्या अम्मांना दोनदा म्हणायला लावलं होतं, इतकं सुंदर वाटलं. आणि निघताना ते ‘वेळ्ळि वस्तानु’, कन्नड घरातले ‘होगि बर्तीनि’, दोन्हीचा अर्थ जाऊन येतो. एका वाड्यात तीन भाषा आणि तिन्हींत दारातनं कुणी नुसतं ‘जातो’ म्हणत नाही.

अंधश्रद्धेचं विचारलंत. शब्द बदलला की आयुष्य वाढतं असं मी मानत नाही, आज्जीही मानत असेल असं वाटत नाही. पण ज्या चालीच्या धाकानं हा शब्द आला ती चाल मात्र जायलाच हवी. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनंही बाकीच्या गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. तो ठराव वाचला तेव्हा मला आधी हौदावरची फुटलेली बांगडी आठवली. ही चाल खरंच संपली तर पुढच्या पोरी बिनधास्त ‘बांगडी फुटली’ म्हणतील आणि कुणाच्या पोटात गोळा येणार नाही. म्हणू देत.

शेवटी एक वापरातली गोष्ट, कारण पत्रिका आणि बॅनरवर हे सारखं चुकतं. ‘श्रीफळ वाढून उद्घाटन’ असं छापतात, ते ‘वाढवून’ हवं. बांगडी आपोआप जाते म्हणून ती वाढते, नारळ आपण मुद्दाम आपटतो म्हणून तो वाढवतात. श्रीफळ ‘वाढून’ म्हटलं तर ते पंगतीत वाढल्यासारखं होतं.