घरात वटवट, बाहेर कुलूप

"घरात नुसती वटवट करती, आणि बाहेर चार माणसं दिसली की तोंडाला कुलूप. मॅडम, मी तर दमलो हिच्यापुढं."

सईची आई समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत हे बोलली. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, काळजी मात्र जशीच्या तशी ठेवली आहे, कारण ती जवळजवळ दर आठवड्याला माझ्यासमोर येऊन बसते. मूल हुशार आहे, वाचतं, सगळं येतं, पण चारचौघांत बोलत नाही. पालकांची मागणीही ठरलेली: 'हिला जरा धीट करा.'

सई नववीत. आई कोल्हापुरात शिवाजी पेठेत घरीच ब्लाउज शिवते, वडील उद्यमनगरात फाउंड्रीत. त्या वर्षी गावातल्या चार शाळांनी मिळून नववीच्या मुलांसाठी एक उपक्रम घेतला होता. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी सगळ्यांनी वाचायची आणि दर शनिवारी एकत्र बसून तिच्यावर बोलायचं. पुस्तक २००४ सालचं, गोष्ट आणीबाणीच्या काळातली, पण नववीतला मुकुंद आणि त्याला आवडणारी शिरोडकर आजच्या पोरांनाही जवळची वाटतात. सईनं ते दोनदा वाचलं होतं. पहिल्या शनिवारी ती गेली. दुसऱ्या शनिवारपासून तिचं पोट दुखायला लागलं.

पहिल्या दोन भेटींत ती मान हलवण्यापलीकडे गेली नाही. मी तिला तिच्याबद्दल विचारणं सोडलं आणि मुकुंदबद्दल विचारलं. मुलांच्या बाबतीत माझा हा जुना भरवसा आहे: पात्राच्या आडून मूल स्वतःचं सांगून जातं, कुणी उकरून काढलं असं त्याला वाटत नाही. तिसऱ्या भेटीत सांगता सांगता तिनं तो शनिवारही सांगितला.

चर्चेत ती म्हणाली होती, "त्याच्या जागी मी असतो, तर मी पण बोललो नसतो." दुसऱ्या शाळेतला एक मुलगा हसला. "असतो? तू मुलगा आहेस का?" मग सगळी रांग हसली.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे बायका, मुली स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात. आजीपासून नातीपर्यंत. मीही घरी तशीच बोलते, आणि या खुर्चीत बसले की 'जाते, येते' करते. ही सवय मला कधी लागली, हे सईचं ऐकेपर्यंत मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

मी ज्या विचारसरणीत शिकले, तिचं म्हणणं असं की घटनेपेक्षा घटनेबद्दल आपण मनात जे वाक्य म्हणतो, ते जास्त दुखवतं. ते वाक्य सापडलं की अर्धं काम झालं. मी धरून चालले होते की सईचं वाक्य आहे, 'पुन्हा हसतील.' चौथ्या भेटीत मी विचारलं, "घरी आई कशी बोलते?"

"आईबी 'जातो'च म्हणती."

"मग ती चुकीचं बोलते?"

बराच वेळ काहीच नाही. बाहेरच्या बाकावर आई बसलेली, तिच्या पिशवीतून टेपचं टोक लोंबत होतं, ते दारातून दिसत होतं. सई तिकडे बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पालकसभेची चिठ्ठी मी आईला दिलीच न्हाई."

आणि रडली. मी रडू दिलं.

इतके दिवस मी हसण्याच्या भीतीवर काम करत होते. ते हसू केव्हाच तिच्या घरात शिरलं होतं. वाक्य होतं, 'आम्ही कमी आहोत.' नुसतं 'बोल गं, घाबरू नको' म्हणून ते हललं नसतं. ते मला त्या दिवशी ऐकू आलं, याचं समाधान मला आजही आहे.

ते वाक्य मी तिला कागदावर लिहायला लावलं. खाली लिही म्हटलं, हे खरं कशावरून? तिनं पेन चावलं, पुस्तकाची पानं उलटली. एकदम म्हणाली, "मुकुंद तरी कुठं पुस्तकी बोलतो? पोरं बोलतात तसंच बोलतो. आणि तेच छापलंय की! ती हसणारी पोरं तेच वाचून चर्चेला येत्यात." हे उत्तर मी दिलेलं नाही. मी दिलं असतं तर ते दारापर्यंतही टिकलं नसतं.

आता पालकांशी थोडं सविस्तर बोलते.

मुलाला कुणी काही विचारलं की आपण उत्तर देतो, 'ती जरा लाजाळू आहे हो' म्हणतो. ते थांबवा. उत्तराला वेळ लागू दे. अवघडल्यासारखं आपल्याला होतं, मुलाला तो वेळ हवाच असतो. मूल बोलत असताना भाषा सुधारू नका, शुद्धलेखनाची वही वेगळी असते. 'आज बोललीस का?' असं रोज दारात विचारणं म्हणजे रोजची तोंडी परीक्षा. त्यापेक्षा विचारा, 'आज कोण काय म्हणालं?'

बोलायची तयारी लहान ठेवा. भाषण नको, एक प्रश्न पुरे, आणि तो कागदावर लिहिलेला असू दे. 'कुणी हसणार नाही' असं वचन तर देऊच नका. हसतील. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला तरुणपणी लोकांसमोर बोलायची धास्ती होती. एकोणिसाव्या वर्षी त्यानं मुद्दाम सभांमधून बोलायला सुरुवात केली. बोलत गेला आणि धास्ती मागं पडली. पुढे १९५५ च्या सुमारास त्यानं जी उपचारपद्धती मांडली, तिच्यात हा अनुभव मुरलेला आहे. भीती गेल्यावर बोलू म्हणणारा थांबूनच राहतो.

एक मात्र वेगळं ओळखा. घरी मोकळं बोलणारं लहान मूल शाळेत महिना-महिना एक शब्दही काढत नसेल, किंवा शाळेत जाणंच टाळत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर त्याला लाजाळूपणा म्हणून सोडू नका. तज्ज्ञांकडे न्या. मोफत सल्ल्यासाठी १४४१६ हा 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

शिक्षकांनाही एक सांगायचं आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पहिल्यांदाच शाळेची पायरी चढणारी ती पोरं घरचीच बोली घेऊन वर्गात आली असणार. त्या गावात एखाद्या मुलीच्या 'असतो'वर वर्ग हसत असेल, तर चर्चा तिथेच थांबवून आधी त्यावर बोला. कादंबरी पळून जात नाही.

सई पुढच्या शनिवारी गेली. उभी राहून आधीच म्हणाली, "मी 'जातो' म्हणतो. आमच्यात बायका असंच बोलत्यात. आता माझा प्रश्न." दोघे हसले. ती थांबली नाही. "सगळी गोष्ट मुकुंदच सांगतो. मग शिरोडकरला काय वाटतं, ते आपल्याला कुठं कळतं?"

त्या एका प्रश्नावर तास संपला, असं तिच्या शिक्षिकेनं मला नंतर सांगितलं. त्या पहिल्या शनिवारी हसलेला मुलगाच सगळ्यात जास्त भांडत होता म्हणे.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. मागे शिलाई मशीनचा आवाज चालू होता.

"मॅडम, चिठ्ठी दिली तिनं," त्या म्हणाल्या. "मी सभेला जाऊन आलो."