स्थिरचित्रातली प्रतीकं कशी वाचायची?

कवटी म्हणजे मृत्यू, शंख म्हणजे संपत्ती अशी यादी पाठ केली की स्थिरचित्र, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र, कळतं का, असं तुम्ही विचारलंय. यादी उपयोगी आहेच, पण ती नंतर. आधी मांडणी आणि उजेड बघा.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत हार्मेन स्टेनवाइक या डच चित्रकाराचं साधारण १६४० सालचं एक चित्र आहे. ओकच्या फळीवर तैलरंगात केलेलं, आकारानं लहानच. टेबलावर पुस्तकं, वाद्यं, जपानी तलवार, मोठा शंख, घड्याळ, विझत चाललेला दिवा आणि कवटी. हा सगळा ढीग उजवीकडे रचलाय. डावीकडे वर नुसती भिंत. त्या मोकळ्या जागेतून उजेडाचा तिरका पट्टा खाली उतरतो आणि थेट कवटीवर येतो. नावं ठाऊक नसतानाही डोळा तिथेच पोचतो. चित्रकाराला जे म्हणायचंय त्यातलं निम्मं इथेच सांगून झालेलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

मग एकेक वस्तू घ्या. पुस्तकं म्हणजे विद्या, वाद्यं म्हणजे इंद्रियसुख, तलवार म्हणजे सत्ता. तलवार जपानी का? तेव्हा डच व्यापारी जहाजं पूर्वेकडे ये-जा करत होती. असली तलवार किंवा दुर्मीळ शंख श्रीमंत संग्राहकाकडेच असणार. म्हणजे ऐहिक वैभव क्षणभंगुर आहे हे बजावणारं चित्र तेच वैभव किती प्रेमानं रंगवतं! हा ताण मला त्यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

आणखी एक गोष्ट. उजवीकडच्या सुरईच्या रंगाखाली आधी पानांचा मुकुट घातलेल्या पुरुषाचा अर्धपुतळा होता. चित्रकारानं तो बुजवला. कीर्तीचं इतकं उघड प्रतीक काढून तिथे साधं भांडं ठेवणारा माणूस यादी पुरी करत नव्हता, चित्र जुळवत होता.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांमुळे आपल्याला स्थिरचित्र म्हणजे छायाप्रकाशाचा सराव वाटतो. ती सवय इथे कामाला येते: सावली कुठे पडलीय, कुठली वस्तू टेबलाच्या कडेबाहेर आलीय, काय अर्धवट झाकलंय, हे तुम्हाला आपोआप दिसेल. मात्र प्रत्येक फळात गूढ अर्थ शोधू नका. शंख एकटा, फुलांशेजारी, लख्ख उजेडात असेल तर तो बहुधा संग्राहकाचा अभिमान असतो. कवटीशेजारी आला की तोच इशारा होतो.